फर्मा: काय वाढते, काय तसेच राहते

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि पुढचे काही आठवडे देश बँकांपुढच्या रांगांत उभा होता. एटीएममध्ये नव्या नोटा लगेच भरता आल्या नाहीत, कारण यंत्रांतले खण जुन्या नोटांच्या मापाचे होते. पाचशेची जुनी नोट १६७ मिलिमीटर लांब आणि ७३ मिलिमीटर रुंद होती. नवी निघाली १५० बाय ६६. यंत्रे जुळवून घेण्याची बातमी सगळ्यांनी वाचली. चामड्याची पाकिटे करणाऱ्या कारागिरापुढेही तोच प्रश्न होता, त्याची बातमी झाली नाही. पाकीट ज्या मापावर बेतायचे, ते मापच लांबीत सतरा आणि रुंदीत सात मिलिमीटरने कमी झाले होते.

पाकिटाचे तुकडे कापायचा जुना फर्मा तसाच ठेवला, तर नवी नोट खोल कप्प्यात बुडते आणि बोटाने चाचपून काढावी लागते. फर्मा थेट नव्या मापावर आणला, तर शंभराची जुनी नोट, जी १५७ बाय ७३ची आहे आणि आजही चलनात आहे, ती कप्प्याबाहेर डोकावते. म्हणून नीट विचार करणारा कारागीर कप्प्याची उंची ७३ला धरतो आणि लांबीत बचत करतो. निर्णय एवढासाच असतो, पण तो एकदा पुठ्ठ्यावर उतरला की पुढच्या शंभर पाकिटांना लागू होतो. फर्म्याचे खरे काम हेच आहे. एकदा केलेला विचार तो साठवून ठेवतो.

चामड्याच्या कामात फर्मा म्हणजे कापायच्या तुकड्याचा नेमका आकार. तो कागदावर जन्मतो, पुठ्ठ्यावर पक्का होतो आणि वापर वाढला की पत्र्यावर किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पातळ तक्त्यावर जातो. हा क्रम सोयीचा आहे. कागदावर चूक दुरुस्त करायला काही लागत नाही. पुठ्ठा चार-दोन डझन नग सहज काढून देतो, पण रापीची, म्हणजे चामडे कापायच्या सुरीची, धार त्याच्या कडेला लागत राहते आणि कडा हळूहळू आत सरकते. दर वेळी केसभर कमी झालेला आकार पन्नासाव्या नगाला चांगलाच जाणवतो. पत्र्याच्या कडेवर रापी घसरत जाते, कडा तशीच राहते. एकाच वस्तूचे हजारो नग काढायचे असतील, तर धारदार पोलादी पट्टी वाकवून डाय करून घेतात आणि दाबयंत्राखाली तुकडे पाडतात. धारावीतल्या बॅगा आणि पट्ट्यांच्या धंद्यात या सगळ्या पायऱ्या एका गल्लीच्या अंतरावर पाहायला मिळतात.

कापडाचे बेतणे आणि चामड्याचे बेतणे यांत एक मोठा फरक आहे. कापडाचा तागा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा असतो. चामडे सारखे नसते, कारण ते एका जनावराचे अंग असते. पाठीचा भाग घट्ट आणि कमी ताणला जाणारा, पोटाकडचा सैल आणि लवचिक, मानेकडचा सुरकुत्यांचा. चपलेचा तळ पाठीतून काढावा लागतो. पट्टाही कण्याच्या दिशेला समांतर कापला तर कमी ताणतो. आडवा कापला तर काही महिन्यांत एक भोक पुढे सरकतो. म्हणून चांगल्या फर्म्यावर नुसता आकार नसतो. त्यावर बाण काढलेला असतो, कण्याची दिशा दाखवणारा. चामड्याची वरची बाजू कोणती हे लिहिलेले असते. फर्मा उलटला की डाव्या पायाचा उजव्या पायाचा होतो, हे सोयीचे आहे. पण चामड्याला एकच दर्शनी बाजू असल्याने, उलटायचे विसरले तर दोन्ही तुकडे एकाच पायाचे निघतात.

जाडीचा हिशेबही फर्म्यातच बसवावा लागतो. दुहेरी घडीच्या पाकिटात बाहेरचे चामडे आणि आतल्या कप्प्यांचे चामडे एकत्र दुमडतात. दोन्ही प्रत्येकी १.२ मिलिमीटर जाड असतील, तर घडीवर बाहेरच्या थराला जास्त मोठे वळण घ्यावे लागते. अर्धवर्तुळाचे साधे गणित मांडले तर फरक १.२ गुणिले ३.१४, म्हणजे जवळपास ४ मिलिमीटर येतो. बाहेरचा तुकडा आतल्यापेक्षा तेवढा लांब ठेवला, तर पाकीट सपाट मिटते. दोन्ही तुकडे एकाच मापाचे कापले, तर आतले चामडे घडीपाशी फुगते आणि पाकीट आपोआप उघडते. बाजारात उघडे पडून राहणारे नवे पाकीट दिसले, तर बहुधा हे चार मिलिमीटर राहून गेलेले असतात.

कार्डांच्या कप्प्याचे गणित जगभर एकच आहे. बँकेचे कार्ड आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ८५.६० बाय ५३.९८ मिलिमीटरचे असते. आपले पॅन कार्डही त्याच मापाचे. दोन्ही बाजूंना शिलाईसाठी तीन-तीन मिलिमीटर आणि कार्ड सहज सरकण्यासाठी चारेक मिलिमीटर मोकळीक धरली, तर कप्पा ९६ मिलिमीटरच्या आसपास जातो. कोरे चामडे आधी घट्ट वाटते, मग वापराने सैल होते. त्यामुळे मोकळीक जास्त ठेवणे महागात पडते: आज छान सरकणारे कार्ड वर्षभराने निसटून पडते.

आता मापे लहान-मोठी करण्याचा भाग. सर्वांत सोपे उदाहरण पट्ट्याचे. पट्ट्याला एक टोक बक्कल अडकवण्याचे असते आणि दुसरे भोकांचे. भोके बहुधा पाच, एकमेकांपासून इंचभर. पट्ट्याचे माप बक्कलच्या काट्यापासून मधल्या भोकापर्यंत मोजतात, म्हणजे पुढे कंबर वाढली किंवा उतरली तर दोन्हीकडे दोन-दोन भोके शिल्लक राहतात. कारागीर दर कंबरेसाठी वेगळा फर्मा करत नाही. तो दोन छोटे फर्मे ठेवतो: एक बक्कलकडच्या टोकाचा, घडीच्या जागेसह, दुसरा भोकांच्या टोकाचा. मधली लांबी फूटपट्टीने मोजायची. ३० कंबरेपासून ४४पर्यंत सगळी मापे या दोन तुकड्यांतून निघतात.

एवढ्या साध्या पट्ट्यात या कलेचा मुख्य नियम दिसतो. मोठे माप करताना काही भाग वाढतात आणि काही भाग वाढवायचेच नसतात. बक्कल ३८ मिलिमीटरची असेल, तर कंबर कितीही मोठी असो, पट्टा ३८चाच राहणार. शिलाई कडेपासून जेवढी आत असते तेवढीच राहते, टाक्यांतले अंतर अवजाराच्या दातांवर ठरते, भोकाचा व्यास पंचावर. हे लक्षात न घेता कुणी अख्खा फर्मा झेरॉक्सच्या यंत्रावर दहा टक्के मोठा करून आणला, तर २५ मिलिमीटरचा बंद साडेसत्तावीसचा होतो आणि २५च्या कडीतून जाणे बंद होते.

पायाच्या बाबतीत हाच नियम अधिक कसाला लागतो. आपल्याकडे चपला-बुटांचे जे ५, ६, ७, ८ नंबर चालतात, ते इंग्रजी पद्धतीचे आहेत. त्यात एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे साडेआठ मिलिमीटर. हे माप बार्लीच्या दाण्याच्या लांबीवरून आले असे मानतात. भारतालाही ही कल्पना परकी नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचे एक अंगुल सांगितले आहे, फक्त तिथे दाण्याची रुंदी धरली आहे. युरोपात एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटीमीटर, म्हणून तिथल्या नंबरांचे आकडे चाळीस-बेचाळीसपर्यंत जातात. तिसरी पद्धत मोंडोपॉइंट नावाची. तिच्यात पावलाची लांबी सरळ मिलिमीटरमध्ये लिहितात आणि सोबत रुंदीही देता येते. सैनिकांच्या बुटांसाठी अनेक देशांत ती वापरतात.

इंग्रजी पद्धतीत बूट ज्या पावलाच्या आकाराच्या साच्यावर चढवतात, त्या साच्याची लांबी इंचांत काढायचे सूत्र सोपे आहे: नंबरमध्ये पंचवीस मिळवायचे आणि तीनने भागायचे. ५ नंबर म्हणजे दहा इंच, ८ नंबर म्हणजे अकरा. लांबी बरोबर दहा टक्क्यांनी वाढली. मग ५ नंबरचा तळ झेरॉक्सवर दहा टक्के मोठा केला, तर ८ नंबरचा तळ मिळेल का?

मिळणार नाही. लांबी बरोबर येईल, रुंदी चुकेल. पाऊल जेवढे लांबते तेवढ्या प्रमाणात रुंदावत नाही. या पद्धतीत एका नंबरमागे तळाची रुंदी सुमारे दोन मिलिमीटरनेच वाढवतात आणि चवड्याभोवतीचा घेर पाव इंचाने. ५ नंबरचा तळ चवड्यापाशी ९० मिलिमीटर रुंद असेल, तर ८चा साधारण ९६ व्हायला हवा. झेरॉक्स तो ९९ करते. तीन मिलिमीटर जास्त म्हणजे चालताना पाऊल तळावर आडवे सरकणार आणि सगळा ताण पट्ट्याच्या शिलाईवर येणार.

लांबीची वाढही सगळी पुढच्या टोकाला देऊन चालत नाही. टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचे अंतर पावलाच्या लांबीच्या सुमारे सात दशांश असते. म्हणून ५ ते ८ नंबरमधल्या २५.४ मिलिमीटरपैकी अठराएक मिलिमीटर सांध्याच्या मागे आणि उरलेले सात-आठ पुढे द्यायचे. तसे न करता टोकच लांबवले, तर तळाचा रुंद भाग सांध्याच्या मागे राहतो आणि चप्पल चुकीच्या जागी वाकते. अमेरिकेतल्या सिरॅक्यूस शहराच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२०च्या दशकात पाय मोजण्याचे जे धातूचे उपकरण तयार केले, त्यात म्हणूनच पावलाची लांबी, रुंदी आणि टाच ते चवड्याचे अंतर अशी तीन मापे मिळतात. ते उपकरण अजूनही दुकानांत वापरात आहे.

हे सगळे कोल्हापुरी चपलेवर मांडून पाहिले की गणित हातात येते. कोल्हापुरीचे मुख्य भाग थोडे आहेत: तळाचे थर, टाच, दोन्ही बाजूंचे कान, कानांना जोडणारा पट्टा, अंगठा आणि वर वेणी किंवा गोंडा. परंपरेने खिळा वापरत नाहीत; चामड्याच्याच वादीने शिवण घालतात. खिळा नाही, बक्कल नाही, लवचिक रबर नाही. पायात बसल्यावर घट्ट-सैल करायला काहीच सोय नाही. म्हणजे चप्पल पायात नीट बसेल की नाही, हे कापतानाच ठरते. बुटाला लेस असते, कोल्हापुरीला फक्त फर्मा असतो.

नंबर वाढला की यातले काय वाढते? तळ वर सांगितल्याप्रमाणे. पट्ट्याचे उत्तर थोडे वेगळे निघते. पावलाचा घेर नंबरमागे ६.३५ मिलिमीटर वाढतो, पण त्यातले दोनेक मिलिमीटर तळाच्या रुंदीत गेलेले असतात. उरलेले चार-सव्वाचार मिलिमीटर पावलाच्या वरच्या बाजूचे, म्हणून पट्टा नंबरमागे तेवढाच लांबवायचा. पट्ट्याची रुंदी, वेणीची जाडी, टाके हे सर्व जवळपास तसेच राहते. कानांची जागा मात्र टाचेकडून मोजून पुढे सरकवावी लागते, आणि अंगठ्याचे भोकही. ही जागा दोन-तीन मिलिमीटर चुकली की अंगठा आणि बोट यांच्यामधली कातडी सोलवटते.

म्हणून फर्म्यांचा संच करताना मधल्या नंबरापासून सुरुवात करतात. पुरुषांच्या चपलांसाठी ७ किंवा ८ नंबर आधी पूर्ण करून, घालून, चालून पाहायचा. तो पटला की त्याच्या तळावर टाचेपासून टोकापर्यंत मध्यरेषा आखायची, टाच एकाच जागी ठेवून लहान आणि मोठे नंबर एकात एक काढायचे. सर्वांत लहान नंबरापासून सुरू केले तर मोजणीतली बारीक चूक प्रत्येक पायरीला वाढत जाते. मधून निघाल्याने ती दोन्हीकडे निम्मी राहते. एकात एक काढलेल्या रेषांचा आणखी एक उपयोग असा, की एखादी रेषा शेजारणीला मध्येच जास्त जवळ आली तर डोळ्याला लगेच खटकते.

अशा काटेकोरपणाला आता बाजारानेही महत्त्व दिले आहे. २०१९मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाल्याचे जाहीर झाले, आणि ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांसोबत कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या चार जिल्ह्यांनाही मिळून आहे. जून २०२५मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी पादत्राणे दाखवली आणि त्यांचे मूळ सांगितले नाही, म्हणून महाराष्ट्रातून मोठी टीका झाली. कंपनीने नंतर भारतीय हस्तकलेचे ऋण मान्य केले, आणि वर्षअखेरीस संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे चर्मोद्योग महामंडळ लिडकर यांच्याशी इथल्या कारागिरांकडून मर्यादित संख्येत चपला करून घेण्याचा करार जाहीर झाला. एका कारागिराने एका गिऱ्हाइकासाठी केलेली जोडी डोळ्याच्या अंदाजाने छान जमते. वेगवेगळ्या गावांतल्या अनेक हातांनी केलेल्या जोड्या एकाच नंबरच्या निघायच्या, तर सगळ्यांकडे एकच फर्मा लागतो.

पण नंबर बरोबर आला म्हणजे पायही बसला, असे होत नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले त्रिमितीय यंत्राने मोजली. त्यातून दिसले की भारतीय पावले इंग्रजी-युरोपीय मापांना गृहीत धरलेल्या पावलांपेक्षा रुंद आहेत. रुंदी मिळावी म्हणून लोक एक नंबर मोठी चप्पल घेतात आणि मग टाचेमागे तळ उरतो. या पाहणीवरून ‘भा’ नावाची भारतीय नंबरपद्धती सुचवली गेली. तिच्यात लहान मुलांपासून प्रौढांपर्यंत आठ गट आहेत.

पावलाची घडण आणि पादत्राणांची सवय यांचा संबंध असल्याचाही पुरावा आहे. १९९२मध्ये राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २,३०० भारतीय मुलांच्या पावलांच्या ठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पादत्राणे घालणाऱ्या मुलांत सपाट पाय ८.६ टक्के आढळले, अनवाणी चालणाऱ्यांत २.८ टक्के. २००९मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्यांची पावले मोजली, तेव्हा ती पुढे रुंद असल्याचे आणि पावलावरचा भार अधिक सारखा वाटला जात असल्याचे दिसले.

नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलसारख्या भागात हे आकडे लगेच पटतात. त्र्यंबकेश्वर तालुक्याचा हा डोंगराळ, आदिवासी पट्टा. भात, नागली आणि वरईचा. आवणीच्या दिवसांत सगळे काम चिखलात अनवाणी होते आणि लहानपण पायवाटांवर जाते. अशा पावलाला बोटे पसरायची सवय असते. त्याला शहरी दुकानातला अरुंद ७ नंबर चावतो, ८ नंबर लांब होतो. शिवाय इथला पाऊस जोरदार, आणि बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले चामडे पाणी पिते, फुगते, वाळल्यावर कडक होते. म्हणून पावसाळ्यात रबरी चप्पलच सोयीची ठरते. पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांसाठी चामडे वापरायचे, तर या पावलांसाठी फर्मा नव्याने काढायला हवा. छापील तक्त्यावर विसंबून भागणार नाही.

तसा फर्मा काढायला मोठे यंत्र लागत नाही. माणसाला दोन्ही पायांवर सारखा भार देऊन जाड कागदावर उभे करायचे, कारण बसलेल्या माणसाचे पाऊल लहान आणि अरुंद दिसते. पेन्सिल अगदी उभी धरून पावलाभोवती फिरवायची. ती आत झुकली तर आकार लहान येतो, बाहेर झुकली तर मोठा. माप शक्यतो संध्याकाळी घ्यावे, दिवसभराच्या चालण्याने पाऊल थोडे सुजलेले असते. दोन्ही पाय वेगळे आखायचे आणि मोठ्या पायाला माप धरायचे. चवड्याचा घेर आणि पावलाच्या उंचवट्याचा घेर फितीने घ्यायचा. अंगठा आणि बोट यांमधली जागा, तसेच दोन्ही बाजूंचे सांधे ठिपक्याने दाखवायचे.

वीस-पंचवीस प्रौढांची अशी मापे एका गावात घेतली की चित्र स्पष्ट होऊ लागते. लांबीनुसार कागद लावले तर चार-पाच गट पडतात. त्याच गटांत रुंदीचे दोन ढीग करता येतात. म्हणजे आठ-दहा फर्म्यांत गावातले बहुतेक पाय बसतात. त्यात प्रत्येक नंबरसाठी तळाचे ‘सामान्य’ आणि ‘रुंद’ असे दोन फर्मे. पट्टा आणि कान यांचे फर्मे रुंदीनुसार बदलतात, अंगठ्याचा बहुतेकांना एकच चालतो. इथेही पट्ट्याचाच नियम: काय वाढते ते ओळखायचे आणि जे वाढत नाही ते सगळ्यांसाठी एकदाच करायचे.

पहिली जोडी चांगल्या चामड्यात कापू नये. जाडीला मिळतेजुळते रेक्झीन, जुने चामडे किंवा जाड फेल्ट घेऊन जोडी उभी करायची आणि ती घालून दहा मिनिटे चालून पाहायचे. जिथे दाबते तिथे खूण, जिथे हलते तिथे खूण. दुरुस्ती चाचणीच्या जोडीवर न थांबवता फर्म्यावर उतरवायची, नाहीतर पुढच्या जोडीत तीच चूक परत येते. फर्म्यावर वस्तूचे नाव, नंबर, डावा-उजवा, किती तुकडे कापायचे, चामड्याची जाडी, कण्याची दिशा आणि दुरुस्तीची तारीख लिहावी. तारीख महत्त्वाची, कारण दोन वर्षांनी एकाच नंबरचे दोन फर्मे हाती लागतात आणि कोणता सुधारलेला हे सांगता येत नाही.

एका जोडीचे सगळे फर्मे एका कोपऱ्यात भोक पाडून एका दोरीत ओवावेत आणि खिळ्याला टांगावेत. पुठ्ठा दमट हवेत वाकतो, म्हणून पावसाळी भागात त्यावर पातळ प्लास्टिक चिकटवून ठेवणे किंवा सरळ पत्र्यावर जाणे बरे. दर वर्षी एकदा प्रत्येक फर्मा मूळ कागदी आराखड्यावर ठेवून तपासावा, कडा झिजली असेल तर नवा काढावा. मूळ आराखडा मात्र कापण्यासाठी कधीच वापरायचा नाही. तो फक्त नवे फर्मे काढण्यासाठी वेगळ्या पेटीत ठेवायचा.